न्यूझीलंड, दक्षिण बेट : आईबाबांना घेऊन भाड्याच्या गाडीने दहा रात्री. प्लॅन बघून सांगाल का?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

एप्रिलमध्ये न्यूझीलंडला जायचं जवळपास नक्की झालंय. आम्ही चौघं : मी, नवरा, आई (६३) आणि बाबा (६८). आईला घाटात गाडी लागते. बाबांचा डावा गुडघा कुरकुरतो, पण सपाटीवर तासभर आरामात चालतात. गाडी आम्ही दोघं आलटूनपालटून चालवू. गेली दोन वर्षं पुणे-गुहागर, पुणे-हंपी असं बरंच चालवलंय, त्यामुळे आत्मविश्वास आहे (नवऱ्याच्या मते जरा जास्तच).

कच्चा प्लॅन असा :

दिवस १ : सकाळी क्राइस्टचर्चला उतरून गाडी घेऊन थेट टेकापो
दिवस २ : टेकापो – माउंट कुक – वानाका
दिवस ३ : वानाका – क्वीन्सटाउन
दिवस ४ : क्वीन्सटाउन – मिलफर्ड साउंड – परत क्वीन्सटाउन
दिवस ५ : क्वीन्सटाउन – फ्रान्झ जोसेफ
दिवस ६ : फ्रान्झ जोसेफ – होकिटिका – पुनाकाइकी
दिवस ७ : पुनाकाइकी – आर्थर्स पास – कैकौरा
दिवस ८ : कैकौरा – पिक्टन – फेरीने वेलिंग्टन
दिवस ९ : रोटोरुआ
दिवस १० : ऑकलंड, दुसऱ्या दिवशी परतीचं विमान

एक्सेल केलंय, अंतरं टाकली आहेत, रोज सरासरी साडेतीनशे किलोमीटरच्या आत बसतंय. काय सुटलंय ते सांगा.

शंकेखोर

काय सुटलंय? झोप सुटलीय.

गंमत सोडा, पण आईवडील बरोबर आहेत तर टूर कंपनी का नाही? आयतं जेवण, आयती बस, मराठी बोलणारा टूर मॅनेजर. परदेशात स्टिअरिंग हातात घ्यायची हौस तिशीत असते, ती साठीच्या माणसांवर का लादायची?

मुठाकाठ

@शंकेखोर, टूरचा विषय घरात निघाला होता. बाबांनीच उडवून लावला. का ते सांगते पुढे कधीतरी.

दक्षिणगोलार्ध

क्राइस्टचर्चात नऊ वर्षं राहतोय, त्यामुळे हक्काने बोलतो.

ताई, हा प्लॅन बघून मला रात्रपाळीचा ट्रकवाला आठवला. यात चुकीचं ठिकाण एकही नाही, फक्त ठिकाणं बघायला वेळ ठेवलेला नाही. दहा रात्रींत नऊ बिछाने! रोज सकाळी चार बॅगा भरायच्या, दहाला खोली सोडायची, आणि पुढच्या ठिकाणी दुपारी दोन-तीनशिवाय खोली मिळत नाही. म्हणजे मधले तास आईबाबा गाडीतच.

आता एकेक घेतो.

पहिला दिवस. मुंबई-सिंगापूर साडेपाच तास, मध्ये थांबा, मग सिंगापूर-क्राइस्टचर्च दहा तासांच्या घरात. विमानात कुणी झोपत नाही, नुसतं झोपल्यासारखं करतात. उतराल तेव्हा इथे सकाळचे दहा, तुमच्या शरीराला मात्र पहाटेचे तीन-साडेतीन. त्या अवस्थेत सव्वादोनशे किलोमीटर चालवू नका. इथे बाहेरच्या रस्त्यांवर वेगमर्यादा १०० असते आणि बहुतेक हायवे म्हणजे दोन लेन, मध्ये दुभाजक नाही. समोरून येणाराही शंभरनेच येत असतो. पहिली रात्र क्राइस्टचर्चला काढा. दुपारी बोटॅनिक गार्डनमध्ये हिंडा, लवकर जेवा, झोपा.

चौथा दिवस. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड २८८ किलोमीटर, एका बाजूला चार तास. म्हणजे जाऊन-येऊन आठ तास स्टिअरिंगवर, वर दोन तास बोट. एप्रिलच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर संध्याकाळी सहा-सव्वासहाला अंधार. परतीचा निम्मा रस्ता काळोखात, पावसात, आणि मोबाईलला रेंज नसलेल्या भागातून. मी स्वतः हे एकदाच केलंय आणि घरी आल्यावर बायको दोन दिवस बोलली नव्हती.

दहा रात्रींत पश्चिम किनारा (फ्रान्झ जोसेफ ते पुनाकाइकी) घालू नका, आणि उत्तर बेट तर काढूनच टाका. कूक सामुद्रधुनीची फेरीच साडेतीन तासांची आहे, वर गाडी चढवायला तासभर आधी पोचावं लागतं. वेलिंग्टनहून रोटोरुआ साडेचारशे किलोमीटर. एवढं करून रोटोरुआत काय, गंधकाचा वास आणि मग ऑकलंडचं ट्रॅफिक. (रोटोरुआप्रेमींनी माफ करावं. तिथली गरम पाण्याची कुंडं, चिखलाचे बुडबुडे खरंच बघण्यासारखे आहेत, पण ती वेगळी सहल.)

रेवामावशी

मी ६४, हे ७०. गेल्या वर्षी मुलीसोबत जाऊन आलो. मुली, तुझ्या आईच्या वतीने बोलते.

सगळ्यात महत्त्वाचं कुणी लिहीत नाही ते आधी लिहिते. स्वच्छतागृहं. तिथे प्रत्येक लहानशा गावात सार्वजनिक स्वच्छतागृह असतं, फुकट असतं आणि स्वच्छ असतं. आतमध्ये कागदसुद्धा असतो! आपल्याकडे प्रवासात पाणी न पिता बसायची सवय लागलेल्या बायकांना ही केवढी मोकळीक आहे ते पुरुषांना कळणार नाही. फक्त दोन गावांमधलं अंतर मोठं, तेव्हा दिसलं की थांबायचं.

दुसरं, खाऊ. विमानात एक कार्ड भरायला देतात किंवा मोबाईलवर भरता येतं. खायचं जे जे काही बॅगेत आहे ते सगळं त्यात 'आहे' म्हणून सांगायचं. मी मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी, पाकिटबंद चिवडा, सगळं सांगितलं. एका बाईंनी भाजणीची पिशवी उघडून हुंगली, हे काय म्हणून विचारलं, मुलीने 'मल्टिग्रेन फ्लोअर' सांगितलं, हसून परत दिली. सांगितलं तर जास्तीत जास्त काढून घेतील. लपवलं आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. आमच्या पुढच्या माणसाच्या बॅगेत विमानात मिळालेलं सफरचंद राहिलं होतं. त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. मध, ताजी फळं, दुधाचे पदार्थ, पेरता येतील असल्या बिया नेऊच नका. बुटांना चिखल असेल तर घासून न्या, तेही तपासतात.

घर घेताना स्वयंपाकघर असलेलं घ्या. मोटेल म्हणतात त्यांना. कुकर नाही मिळत, पण भातापुरतं भांडं मिळतं. दिवसभर थंडीत हिंडून आल्यावर मेतकूट-भात-तूप. तूप तिथलं लोणी कढवून केलं मी. काय सुरेख रवाळ झालं म्हणून सांगू!

चारचाकी

गाडीचं मी सांगतो, बाकी जाणकार आहेतच.

१. लायसन्स. आपलं स्मार्टकार्डवालं इंग्रजीत असतं, ते तिथे चालतं. पण छपाई पुसट झाली असेल किंवा जुनं पुस्तकवजा असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. तो परवाना मूळ लायसन्सच्या जोडीनेच ग्राह्य, एकटा नाही. दोन्ही बरोबर ठेवा.

२. क्रेडिट कार्ड. गाडी ज्याच्या नावावर त्याच्याच नावाचं कार्ड, आणि तेही क्रेडिट. पुष्कळ ठिकाणी डेबिट कार्ड चालत नाही. काउंटरवर ठेव म्हणून मोठी रक्कम अडकवतात, तेव्हा लिमिट आधी बघा.

३. विमा. भाड्यात धरलेला विमा असतो, पण अपघात झाल्यास पहिले काही हजार डॉलर तुमच्या खिशातून. ते शून्यावर आणायचं असेल तर रोजचे वेगळे पैसे. आईबाबा बरोबर आहेत, चार पैसे जास्त जाऊ देत, शून्यवाला घ्या. आणि बारीक अक्षरं वाचा : काच, टायर, गाडीचं पोट आणि छप्पर धरलंय का? माझ्या काचेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालचा खडा आला. विमा होता, काच त्यात नव्हती. गाडी परत केल्यावर तीन आठवड्यांनी कार्डावरून पैसे गेले तेव्हा कळलं. चूक माझीच, सही करताना पान उलटलं नव्हतं.

४. काही रस्त्यांवर भाड्याची गाडी न्यायलाच बंदी असते. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड त्यात जवळपास कायम असतो. तिथे अडकलात तर विमा गेला उडत.

५. डिझेल गाडी स्वस्त वाटते पण तिथे डिझेलवाल्यांना किलोमीटरप्रमाणे रस्त्याचा कर असतो, तो कंपनी शेवटी लावते. चौघांना पेट्रोल किंवा हायब्रिड घ्या. चार मोठ्या बॅगा असतील तर सेडानचं नाव काढू नका.

६. दुसरा चालक करारात नोंदवलेला पाहिजे. नोंद नसलेल्या माणसाने पाच मिनिटं चालवली आणि ठोकली तरी विमा नाही.

आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असल्यामुळे सोपं आहे. इंडिकेटरची दांडी बहुतेक गाड्यांत उजवीकडे असते. मारुती, ह्युंदाई चालवणाऱ्याला काही वाटणार नाही. फोक्सवॅगन, स्कोडावाल्यांचा पहिला दिवस वायपर हलवण्यात जातो.

दक्षिणगोलार्ध

@चारचाकी यांच्या यादीत एक भर, कारण पाहुणे इथेच चुकतात. एकेरी पूल.

दक्षिण बेटावर हायवेवरसुद्धा एकाच गाडीच्या रुंदीचे पूल आहेत. आधी पाटी येते, तिच्यावर दोन बाण. तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. तुमचा बाण मोठा असेल तर पहिला हक्क तुमचा, तरीही समोर बघूनच. आपल्याकडे जो आधी दिवे मारतो त्याचा पूल. इथे दिवे मारून काही होत नाही, हॉर्नने तर त्याहून नाही. नऊ वर्षांत मी हॉर्न किती वेळा ऐकला ते बोटांवर मोजता येईल.

आणि मागे गाड्या साठल्या तर पुढच्या मोकळ्या जागेत डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्या. डोंगर बघत सत्तरने चालवणं गुन्हा नाही, पण मागच्याला शाळेतून मूल आणायचं असतं.

थांबून फोटो काढायचा तर ठरवून दिलेल्या जागीच. रस्त्याच्या कडेला अर्धी गाडी बाहेर ठेवून उतरू नका.

खडकखोदू

मी भूगर्भशास्त्राचा माणूस, त्यामुळे माझा प्रतिसाद अवांतर समजून सोडून दिलात तरी चालेल.

पश्चिम किनारा गाळू नका हो! तिथून अल्पाइन फॉल्ट, म्हणजे जमिनीतली एक मोठी भेग जाते. जमिनीवरची त्याची लांबी सुमारे ६०० किलोमीटर. दोन भूपट्ट एकमेकांना घासत वर्षाला अंदाजे २७-३० मिलिमीटर सरकतात, आणि त्या ढकलाढकलीत सदर्न आल्प्स वर उचलले जातात. शेवटचा मोठा भूकंप त्यावर १७१७ साली झाला. फ्रान्झ जोसेफ गाव बरोब्बर त्या भेगेवर बसलंय. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा, पायऱ्या पायऱ्यांचा, निवांत म्हातारा. तिकडचे डोंगर त्या मानाने काल-परवाचे, अजून वाढीला लागलेले, आणि तेवढ्याच वेगाने पावसाने झिजणारे. दरडी कोसळणं हा तिथला अपघात नाही, रोजचं कामकाज आहे.

टेकापो, पुकाकी तळ्यांचा तो निळा रंग फोटोत वाढवलेला नसतो बरं का. हिमनदी खडक दळते, पिठासारखी भुकटी पाण्यात तरंगत राहते, तिच्यावरून उजेड विखुरतो. जात्यातलं पीठच म्हणा.

आणि मिलफर्डला साउंड म्हणतात ते चूक. साउंड म्हणजे नदीचं खोरं समुद्रात बुडून झालेलं. हे हिमनदीने कोरलेलं आहे, म्हणजे फ्योर्ड. नाव ठेवणाऱ्याने घोळ घातला तो तसाच राहिला.

दक्षिणगोलार्ध

@खडकखोदू, तुमचं सगळं मान्य, आणि नेमकं म्हणूनच पश्चिम किनारा दहा रात्रींत घालू नका म्हणतो. २६ मार्च २०१९ला फ्रान्झ जोसेफजवळचा वाइहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला. १८ दिवसांत नवा उभा केला, पण त्या १८ दिवसांत तिथून पलीकडे जायला दुसरा जवळचा रस्ताच नव्हता. त्याच वर्षी फॉक्स हिमनदीच्या दरीतला रस्ता दरडीमुळे गेला, तो गेलाच. हिमनद्याही इतक्या मागे सरकल्यात की जवळून बघायच्या तर हेलिकॉप्टर, आणि ते ढग असले की उडत नाही. तिथे जायचं तर हातात दोन दिवस मोकळे पाहिजेत.

शंकेखोर

म्हणजे शेवटी बघायचं काय? सगळं काढूनच टाकताय तुम्ही लोक.

रेवामावशी

@मुठाकाठ, एक विचारू? आईबाबांना काय बघायचंय ते विचारलंस का गं? की एक्सेल तूच भरलंस?

मुठाकाठ

मावशी, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस गप्प होते.

एक्सेल मीच भरलं होतं. काल रात्री जेवताना प्रिंट काढून बाबांपुढे ठेवलं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. त्यांनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "हे तर लॉगशीट आहे."

मग म्हणाले (हे मी त्यांच्याच शब्दांत लिहितेय) : "माझा कुंभार्ली घाटातून जायचा रूट होता बारा वर्षं. पावसाळ्यात एका वळणावर धबधबा यायचा. रोज बघायचो, पण उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून. थांबलो असतो तर चिपळूणला टायमिंग चुकलं असतं. मला न्यूझीलंडचं काही माहीत नाही. मला अशी गाडी पाहिजे की जी मी म्हटलं की थांबेल."

टूर का नको म्हणाले होते ते यावरून कळलं असेलच, @शंकेखोर.

आईला विचारलं तर ती म्हणाली, तिला तळ्याकाठी बाकावर बसून चहा प्यायचाय आणि कुणी घाई करायची नाही. एवढंच.

तर आता उत्तर बेट रद्द. पश्चिम किनारा मनावर दगड ठेवून रद्द. दहा रात्री दक्षिणेतच, परतीचं विमान क्वीन्सटाउनहून ऑकलंडमार्गे. @दक्षिणगोलार्ध, तुम्ही नव्याने मांडून द्याल का?

शंकेखोर

माघार. काकांना नमस्कार सांगा.

चारचाकी

एक गाडी एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडली तर काही वेळा जादा पैसे लावतात, बुकिंग करताना विचारा. आणि परतीत स्वस्त पडतं म्हणून ऑस्ट्रेलियामार्गे तिकीट काढत असाल तर आपल्या पासपोर्टला तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो. ऐनवेळी विमानतळावर अडवलेले लोक बघितलेत.

काकांचं लायसन्स चालू आहे का? असेल तर त्यांचंही नाव करारात घाला. मी सांगतोय ते करा.

दक्षिणगोलार्ध

काकांसाठी बसून लिहिलंय.

क्राइस्टचर्च एक रात्र. दुसऱ्या दिवशी जेराल्डीन, फेअरलीवरून टेकापो. फेअरलीला पाय मोकळे करा, मग बर्क्स पास चढला की अचानक झाडं संपतात आणि पिवळ्या गवताचं माळरान सुरू होतं. आपल्याकडे घाट उतरला की कोकण जसं एकदम उलगडतं, तसं, फक्त उलट : चढून गेल्यावर उलगडतं. टेकापोला एक रात्र. तळ्याकाठचं दगडी चर्च १९३५चं आहे. बसेस यायच्या आधी, म्हणजे सकाळी आठच्या आत जा. रात्री ढग नसतील तर दिवे बंद करून अंगणात बसा. तो सगळा भाग २०१२पासून राखीव काळोखाचा प्रदेश आहे, गावातल्या दिव्यांचीही तोंडं खाली वळवलेली असतात.

पुढे ट्वायझलला दोन रात्री. तिथून पुकाकी तळ्याच्या कडेने माउंट कुकच्या गावापर्यंत जो रस्ता जातो, एसएच ८०, तो ५५ किलोमीटरचा आहे आणि थांबायच्या जागा भरपूर. तो रस्ता म्हणजेच बघायचं ठिकाण आहे. पुढच्या गावी पोचायची घाई नको. हूकर व्हॅलीची पायवाट जवळपास सपाट, पण जाऊन-येऊन दहा किलोमीटर. काकांनी जमेल तेवढी चालावी. पायवाटेवरचे झुलते पूल कधी कामासाठी बंद असतात, निघायच्या आधी संवर्धन खात्याच्या संकेतस्थळावर बघा. आओराकी (माउंट कुकचंच माओरी नाव) ३,७२४ मीटर उंच, पण मर्जी असेल तरच दर्शन देतो.

मग लिंडिस पासवरून वानाका, एक रात्र. दुसऱ्या दिवशी क्राउन रेंजवरून खाली. हा देशातल्या मुख्य डांबरी रस्त्यांमधला सर्वांत उंच, हजार मीटरच्या वर. काकूंना गाडी लागते ना? मग हा टाळून क्रॉमवेलवरून फिरून जा. किलोमीटर जास्त, वळणं कमी, आणि वाटेत फळांची दुकानं.

पुढे 'ते अनाऊ' या गावी तीन रात्री. हो, तीनच. मिलफर्डला वर्षाला जवळजवळ सात मीटर पाऊस पडतो. म्हणजे ऊन पडेलच असं नाही, आणि पडावं अशी अटही नाही. पाऊस असला की शेकडो तात्पुरते धबधबे सुरू होतात. तीन रात्री असल्या की दोन दिवसांतला बरा दिवस निवडता येतो आणि रस्ता बंद झाला तर रडायची वेळ येत नाही. टाकी ते अनाऊलाच भरा. १२० किलोमीटरच्या त्या वाटेवर पंपाच्या भरवशावर राहू नका. होमर बोगदा १९५४चा, सव्वा किलोमीटरचा, आतून न गिलावलेला खडक, आणि मिलफर्डकडे उतरता. बोगद्याच्या तोंडाशी किआ नावाचे हिरवे पोपट असतात, ते गाडीचं रबर कुरतडतात. खायला घालू नका. सॅण्डफ्लाय नावाचे बारीक किडे चावतात, मलम ठेवा. बर्फात चाकांना लावायच्या साखळ्यांचा मोसम मे ते नोव्हेंबर, तुम्ही एप्रिलमध्ये आहात, सुटलात.

शेवटच्या दोन रात्री क्वीन्सटाउनच्या ऐवजी ॲरोटाउन. १८६२च्या सोन्याच्या शोधातून वसलेलं गाव. एप्रिलच्या मध्यानंतर तिथली झाडं जी पिवळी-लाल होतात ती बघायला इथले लोकसुद्धा सुट्टी काढतात. विमानतळ वीस मिनिटांवर.

एकूण दहा. ईस्टर कधी येतोय ते बघा. गुड फ्रायडे आणि ईस्टर संडेला बरीच दुकानं बंद असतात, आदल्या दिवशी दूध-भाजी भरून ठेवा.

खडकखोदू

पश्चिम किनारा गेला. असो. ट्वायझलहून ओमारामाच्या मातीच्या सुळक्यांना तेवढं जाऊन या, माझं मन राखायला.

गवती_चहा

वाचनखूण साठवली. व्हिसाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून : भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा लागतो, तिथे गेल्यावर मिळत नाही. ऑक्टोबर २०२४पासून पर्यटकांवरचा जादा कर ३५वरून १०० डॉलर झालाय, माणशी, तो व्हिसाच्या फीसोबतच भरावा लागतो. हिशेबात धरा.

मुठाकाठ

मंडळी, धागा वर आणतेय. जाऊन आलो!

सगळं लिहायला बसले तर वेगळा लेख होईल (लिहीन, नक्की लिहीन), पण इतक्या लोकांनी डोकं लावलं तर हिशेब देणं लागते.

पहिल्या रात्रीचा सल्ला सोन्यासारखा. आम्ही चौघंही संध्याकाळी सातला झोपलो आणि पहाटे तीनला टक्क जागे.

आओराकी दिसला नाही. दोन दिवस ट्वायझलला होतो, दोन्ही दिवस करडी भिंत. मी हिरमुसले होते. हूकर व्हॅलीत बाबा पहिल्या झुलत्या पुलापर्यंत आले, तिथे कठड्याला टेकून पंचवीस मिनिटं खालचं दुधट पाणी बघत उभे राहिले, आणि वळले. ओमारामाचे सुळके बघितले, @खडकखोदू. आईला ते आवडले नाहीत. "आपल्याकडे विहीर खणली की असंच दिसतं," म्हणाली.

मिलफर्डला पडला पाऊस. आदल्या दिवशी स्वच्छ ऊन होतं आणि आम्ही ते अनाऊला कपडे धूत बसलो होतो, कारण अंदाज उलटा होता! बोटीवर सगळे भिजलो. डोंगराच्या अंगावरून इतकं पाणी येत होतं की मोजायचं सोडून दिलं. परतताना बोगद्याच्या अलीकडे थांबलो तर किआ आला आणि वायपरचं रबर ओढायला लागला. आई त्याला चक्क रागावली, मराठीत.

तळ्याकाठचा चहा आईने टेकापो, वानाका, ते अनाऊ अशा तिन्ही ठिकाणी प्यायला. वानाकाचा फिका होता, असा शेरा आहे.

आणि @चारचाकी, तुमचं ऐकून बाबांचं नाव करारात घातलं होतं. ट्वायझलच्या दुसऱ्या दिवशी पुकाकीच्या कडेने त्यांना दिली गाडी. डोंगर नाही, ऊन नाही, नुसतं तळं आणि ढग. पहिल्या थांब्यावर थांबले. दुसऱ्यावर थांबले. तिसऱ्यावर नवरा म्हणाला, बाबा, इथून तेच दिसतंय. बाबा काही बोलले नाहीत, इंजिन बंद करून उतरले. ५५ किलोमीटरला दोन तास दहा मिनिटं लागली.

शेवटच्या थांब्यावर सगळे परत गाडीत बसलो, दारं लागली, तरी गाडी निघेना. मी म्हटलं, काय झालं? तर आरशात बघत म्हणाले, "कंडक्टर कुठाय?"

आईने मागून काचेवर दोनदा टकटक केलं.

रेवामावशी

डबल बेल गं! लेख कधी टाकतेस?